भ्रूण, मूळपेशी आणि सरकारी तिजोरी

जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या काळात अमेरिकेत भ्रूणातल्या मूळपेशींवरच्या, म्हणजे शरीरातल्या कोणत्याही प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या स्टेम सेलवरच्या संशोधनाला बंदी होती, असं अजूनही ऐकायला मिळतं. तशी बंदी नव्हती. स्वतःच्या पैशाने कोणी हे काम केलं तर केंद्रीय कायद्याची आडकाठी नव्हती. भांडण होतं ते करदात्याच्या पैशाचं, आणि ते मूळपेशी हाती लागण्याच्या कितीतरी आधीपासूनचं आहे.

१९७८मध्ये इंग्लंडात लुईस ब्राउन ही पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. अमेरिकेत तेव्हा शरीराबाहेर घडवलेल्या भ्रूणांवरच्या अशा संशोधनाला सरकारी पैसा हवा असेल तर एका नीतिविषयक सल्लागार मंडळाची मान्यता लागे. १९७९मध्ये या मंडळाने काही अटींवर अनुकूल अहवाल दिला. १९८०मध्ये मंडळाची मुदत संपली आणि नवं मंडळ नेमलंच गेलं नाही. मान्यता देणारंच कोणी नाही, म्हणून मान्यता नाही आणि पैसाही नाही! सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेल्यांना ही युक्ती वेगळी समजावून सांगायला नको.

ती अट १९९३मध्ये निघाली. पण लवकरच काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, रिपब्लिकनांचं बहुमत झालं आणि जे डिकी व रॉजर विकर या सदस्यांच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद खर्चाच्या विधेयकाला जोडली गेली. जानेवारी १९९६मध्ये क्लिंटन यांच्या सहीने ती लागू झाली. ज्या संशोधनात मानवी भ्रूण नष्ट केले जातात त्याला केंद्राचा पैसा नाही, असा तिचा मथितार्थ. तेव्हापासून दरवर्षी ती नव्याने मंजूर होत आली आहे.

म्हणूनच १९९८मध्ये मानवी भ्रूणातून मूळपेशी मिळवणाऱ्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जेम्स थॉमसन यांना वेगळी प्रयोगशाळा मांडावी लागली. सरकारी अनुदानातून घेतलेलं एकही उपकरण तिथे चालणार नव्हतं. पैसा आला तो जेरॉन कंपनी आणि विद्यापीठाशी संलग्न प्रतिष्ठानाकडून. वंध्यत्वावरच्या उपचारांनंतर उरलेले भ्रूण जोडप्यांनी संमतीने दिले होते. साधारण पाच दिवसांचा भ्रूण म्हणजे शंभर-दीडशे पेशींचा, नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपका दिसेल असा गोळा. त्याच्या आतल्या पेशी काढून उंदराच्या पेशींच्या थरावर वाढवल्या की त्या वाढतच राहतात. मात्र त्या काढताना भ्रूण संपतो. नीतीचा सगळा वाद या एका कृतीभोवती आहे. थॉमसन यांच्या हाती अशा वाढत राहणाऱ्या पेशींचे पाच वाण लागले, म्हणजे शास्त्रज्ञांच्या भाषेत सेल लाइन.

जानेवारी १९९९मध्ये आरोग्य खात्याच्या विधी सल्लागार हॅरिएट रॅब यांनी मत दिलं की मूळपेशी म्हणजे भ्रूण नव्हे. पेशी खासगी पैशाने काढा, पुढचा अभ्यास सरकारी पैशाने करा. कायद्याने चोख, पण विरोधकांना ती निव्वळ पळवाट वाटली. आणि खरं सांगायचं तर ती होतीच.

९ ऑगस्ट २००१च्या रात्री टेक्सासमधून केलेल्या दूरचित्रवाणी भाषणात बुश यांनी मधला मार्ग काढला. त्या क्षणापर्यंत काढलेल्या वाणांवरच्या कामाला पैसा मिळेल, नंतरच्या नाही. पुढे प्रसिद्ध झालेल्या यादीत दहा संस्थांचे ६४ वाण होते. त्यांतले सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे आणि तीन बंगळूरच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसचे! अमेरिकी शास्त्रज्ञांना प्रत्यक्षात सगळे मिळून वीसेकच वाण उपलब्ध झाले, आणि भारतातला त्यांत एकही नव्हता. दरम्यान तिकडच्या प्रयोगशाळांत सूक्ष्मदर्शकांवर रंगीत चिकटपट्ट्या लागल्या : हा सरकारी पैशाचा, तो खासगी.

२००४मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी केंद्राची वाट न पाहता रोख्यांतून ३०० कोटी डॉलर उभे करायला कौल दिला. जुलै २००६मध्ये निर्बंध सैल करणारं विधेयक बुश यांनी फेटाळलं. त्यांच्या कारकिर्दीतला हा पहिलाच नकाराधिकार. त्या वेळी व्हाइट हाउसमध्ये त्यांच्याभोवती दत्तक घेतलेल्या गोठवलेल्या भ्रूणांतून जन्मलेली मुलं होती. पुढच्याच वर्षी शिन्या यामानाका यांनी प्रौढ माणसाच्या त्वचेतल्या पेशींपासून तशाच पेशी घडवून दाखवल्या आणि वादाची धार थोडी बोथट झाली.

मार्च २००९मध्ये ओबामांनी बुश यांची अट उठवली. त्यावर प्रौढ मूळपेशींवर, म्हणजे भ्रूणातून नव्हे तर जन्मलेल्या माणसाच्या शरीरातून मिळणाऱ्या मूळपेशींवर काम करणारे दोन संशोधक कोर्टात गेले. भ्रूणपेशीवाले अनुदानात वाटेकरी झाले, म्हणून आमचं नुकसान होतं, या मुद्द्यावर त्यांना दाद मागता आली. ऑगस्ट २०१०मध्ये न्यायाधीश रॉइस लॅम्बर्थ यांनी भ्रूणपेशींच्या सरकारी अनुदानाला स्थगिती दिली. काही दिवस तर सरकारच्या स्वतःच्या प्रयोगशाळांतलं कामही थांबलं.

एप्रिल २०११मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ती स्थगिती रद्द केली. निकालातला एक आधार चक्क व्याकरणाचा होता. तरतुदीत भ्रूण ‘नष्ट केले जातात’ असा वर्तमानकाळ आहे, पूर्वी नष्ट झालेल्यांना तो लागू होत नाही. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यात लक्ष घालायला नकार दिला आणि रॅबबाईंची पळवाट कायम राहिली.