अंगोराच्या खुराकातलं गंधक

हिमाचलमधल्या कुलू खोऱ्यात गडसा येथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं केंद्र आहे. तिथे मेंढ्यांबरोबर जर्मन अंगोरा ससेही पाळले जातात. चांगला जर्मन अंगोरा वर्षाला किलोच्या आसपास लोकर देतो. तंतू साधारण 13 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, आत हवेच्या पोकळ्या असलेला, म्हणून हलका आणि उबदार. हे सगळं तो गवत-कोंड्यातून तयार करतो. त्यामुळे पोट भरलं म्हणजे लोकर येईल, असा समज होतो. तसं होत नाही.

लोकर म्हणजे केराटिन हे प्रथिन, आणि केराटिनला गंधक लागतं. ते सिस्टीन आणि मेथिओनिन या अमिनो आम्लांतून, म्हणजे प्रथिनांच्या घटकांतून, मिळतं. खुराकात प्रथिनं 16-17 टक्के असावीत हे खरं. पण त्याच खुराकात ही दोन आम्लं मिळून 0.7-0.8 टक्के नसतील, तर लोकरीची वाढ तिथेच अडते. सोयाबीन पेंडीत मेथिओनिन बेताचंच असतं, म्हणून ते वरून मिसळतात. ससा स्वतःची मऊ लेंडी पुन्हा खातो, त्यातून जिवाणूंनी बनवलेली प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं मिळतात. पण एवढ्या लोकरीला ती पुरत नाहीत.

शेंगदाण्याची पेंड स्वस्त पडते, पण दमट जागी ठेवली की तिच्यावर बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होतं. हे विष सशाला फार थोड्या मात्रेतही मारतं. पेंड जुनी, कुबट वासाची असेल तर फेकून द्यावी. इथे काटकसर महागात पडते.

दुसरा धोका सशाच्या अंगावरच असतो. अंग चाटताना लोकर पोटात जाते, आणि सशाला उलटी करता येत नाही. जठरात केसांचा गोळा साचला की खाणं बंद. इथे चोथा उपयोगी पडतो. वाळलेल्या गवताचे लांब धागे पचले नाहीत तरी आतडं हलतं ठेवतात. युरोपात काही ससेपालक आठवड्यातून एक दिवस गोळीखाद्य बंद ठेवतात. फार तर गवत आणि पाणी. आपली ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ तिथे चालत नाही. जठर रिकामं होऊन अडकलेले केस पुढे सरकावेत, एवढाच हेतू.

खुराकाचं मापही वर्षभर एकच ठेवून भागत नाही. अडीच-तीन महिन्यांनी कातरणी झाली की ससा उघडा पडतो, अंगाची ऊब झपाट्याने जाते आणि भूक वाढते. त्याच सुमारास नवी लोकरही वाढू लागते, म्हणून पहिल्या महिन्यात हात सैल हवा. लोकर दाट झाली की भूक आपोआप उतरते.

गवत द्यायचं ते मात्र पिंजऱ्याबाहेर टांगलेल्या जाळीतून, सशाला तोंडाने ओढता येईल असं. आत टाकलं तर बिया आणि काड्या लोकरीत अडकतात, आणि त्या वेचता वेचता नाकी नऊ येतात.