बहिष्कृत आणि ईश्वरी करुणा (ख्रिस्ती धर्म)

रोग, व्यवसाय, जात किंवा आचरण यांमुळे समाजाने दूर लोटलेल्या, आणि हळूहळू देवानेही आपल्याला टाकले आहे असे मानू लागलेल्या माणसाकडे देव स्वतःहून येतो, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. तिचा मुख्य आधार शुभवर्तमानांत वर्णिलेले येशूचे वर्तन हा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे शहर आणि जिल्ह्यात या श्रद्धेची कसोटी लागली.

बायबलच्या जुन्या करारातील लेवीय पुस्तकाच्या नियमानुसार कुष्ठरोग्याने फाटकी वस्त्रे घालून, केस मोकळे सोडून, वरचा ओठ झाकून ‘अशुद्ध, अशुद्ध’ असे ओरडत छावणीबाहेर एकटे राहावयाचे होते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात असा एक रोगी येशूपुढे गुडघे टेकतो, तेव्हा येशू प्रथम हात पुढे करून त्याला स्पर्श करतो आणि मग ‘शुद्ध हो’ असे म्हणतो. यातील क्रम महत्त्वाचा आहे. यरीहोचा जकातदार जक्कय याच्या घरी येशू पाहुणा म्हणून उतरतो तेही त्याने लुबाडलेले पैसे चौपट परत करण्याची तयारी दाखवण्यापूर्वी. पश्चात्ताप ही कृपेची पूर्वअट नसून कृपेला दिलेला प्रतिसाद आहे, असे जे ख्रिस्ती ईश्वरविद्येत सांगितले जाते, त्याचे मूळ अशा प्रसंगांत आहे. बायबलमधील ‘इब्री लोकांस पत्रा’त येशूने वेशीबाहेर मरण सोसले असे म्हटले आहे. गावकुसाबाहेरच्या वस्तीतून आलेल्या मराठी ख्रिस्ती वाचकाला त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पुण्यात अन्नपाण्याचा प्रश्न किती नाजूक होता हे १८९० च्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनच्या प्रकरणात दिसते. मिशनमधील एका सभेनंतर शहरातील प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रातून प्रसिद्ध केली, आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य म्हणजे जातीचा बहिष्कार येऊन पुढे प्रायश्चित्ताची वेळ आली. एका पेल्यापायी एवढे घडणाऱ्या शहरात योहानच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील प्रसंगाला विशेष धार येते. तेथे येशू भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर बसून एका शोमरोनी स्त्रीकडे प्यायला पाणी मागतो. यहुदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. शिवाय त्या स्त्रीला पाच नवरे होऊन गेलेले असून सध्याचा पुरुष तिचा नवरा नव्हता.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या धर्मांतरात याच कथेचा वाटा मोठा होता. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर तेथील वाँटेज गावच्या ख्रिस्ती धर्मभगिनींनी लंडनजवळील फुलहॅम येथे चालवलेले, समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांचे आश्रयस्थान त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांविषयी एवढी माया कशासाठी, या त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. शास्त्र जाणणाऱ्या, स्वतः विधवा असलेल्या बाईंना तत्त्वचर्चेपेक्षा ही गोष्ट अधिक भिडली, हे त्यांच्या पुढील कार्याकडे पाहता पटते. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले त्यांचे विधवांसाठीचे शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यात आले. तेथे विधवांना आपापले जातिनियम पाळण्याची मोकळीक होती. तरीही धर्मांतराच्या आरोपावरून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या.

दौंड तालुक्यातील केडगावच्या, रमाबाईंच्याच मुक्ती सदन या आश्रमाची वाढ १८९६–९७ च्या दुष्काळात झाली. त्यांनी मध्य प्रांतातून उपासमारीने खंगलेल्या मुली आणि विधवा आणल्या. पुढे तेथे अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकवली जाऊ लागली, आणि कुटुंबाने दार बंद केलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन हा स्वतंत्र विभाग निघाला. फुलहॅमला पाहिलेल्या कामाचे हे थेट मराठी रूप होय. ही संस्था आजही चालू आहे.

भक्तीच्या अंगाने हा विचार मराठीत रुजवला तो रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली म्हणून आळवला जातो, आणि चोखोबाचे अभंग ऐकत वाढलेल्या श्रोत्याला तो परका वाटत नाही.

मात्र चर्चमध्येही जात राहिली. लग्नसंबंधांत ती आजही आडवी येते. दुसरीकडे १९५० च्या अनुसूचित जाती आदेशामुळे दलित ख्रिस्ती सवलतींबाहेर राहिले. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती लोकांचा झाला नाही. १९८० च्या दशकात अरविंद निर्मल प्रभृतींनी मांडलेली दलित ईश्वरविद्या या अनुभवातून पुढे आली. तिच्या मते येशू स्वतःच नाकारलेला, थुंकी झेललेला, वेशीबाहेर मारलेला माणूस असल्याने दलितांचा देव त्यांच्यातलाच ठरतो. वरून खाली झुकणाऱ्या दयेची भाषा तिला पुरेशी वाटत नाही.