सुशिक्षित बेकारी (महाराष्ट्र)

पदवी हाती असूनही तिच्या तोडीचे काम न मिळणे म्हणजे सुशिक्षित बेकारी. शिक्षण वाढले की बेकारी घटेल, हा समज भारतात खोटा ठरला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या भारतविषयक अहवालानुसार २०२२ मध्ये १५ ते २९ वयोगटातील २९.१ टक्के पदवीधर बेकार होते. लिहिता-वाचता न येणाऱ्यांत हे प्रमाण ३.४ टक्के. निरक्षराला रिकामे बसणे परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो. पदवीधर वाट पाहतो, आणि त्या वाट पाहण्याचा खर्च घर उचलते.

ही वाट पाहणारी पिढी पुण्यात ठळक दिसते. सदाशिव, नारायण पेठांतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका सकाळीच भरतात. मराठवाडा-विदर्भातून आलेली मुले-मुली कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरते भाडे देऊन राहतात, कधी मेसचा एक डबा दोघांत पुरवतात. घरून येणारा पैसा बहुधा सोयाबीन-कापसाचा, म्हणजे पावसाच्या भरवशाचा. २०२३ च्या तलाठी भरतीत सुमारे साडेचार हजार जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. पोलीस शिपायाला बारावी पुरते, तरी त्या रांगेत अभियंतेही उभे असतात. याला सरकारी नोकरीचा हव्यास म्हणणे अन्यायाचे आहे. खासगीत कंत्राट, तुटपुंजा पगार आणि उद्याची शाश्वती नाही. लग्नाच्या बोलणीतही आधी नोकरीच विचारली जाते.

हा रोष राजकारणात जुनाच आहे. मुंबईतल्या कचेऱ्यांत मराठी तरुणांना डावलले जाते, या भावनेवर १९६६ मध्ये शिवसेना उभी राहिली. मराठा आरक्षणाच्या मागणीमागेही शेतीच्या पडझडीइतकीच कामाविना पडून राहिलेली पदवी आहे. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवा, म्हणजे राज्य सरकारचे अधिकारी निवडणारी, पूर्वपरीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली, तेव्हा परीक्षार्थी पुण्याच्या रस्त्यावर उतरले. ऑगस्ट २०२४ मध्ये दोन परीक्षा एकाच दिवशी आल्याने ते पुन्हा शास्त्री रस्त्यावर बसले. दोन्ही वेळा मुख्य मागणे परीक्षेच्या तारखेचे होते, एवढेच.

परीक्षा पास झाल्यावरही सुटका होतेच असे नाही. २०१९ च्या राज्यसेवेचा निकाल जून २०२० मध्ये लागला. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली आणि नियुक्त्या अडकल्या. उपजिल्हाधिकारी, तहसीलदार अशा पदांवर निवडलेल्या चारशेवर उमेदवारांना निकालानंतर वर्षभराहून अधिक काळ नियुक्तीपत्राची वाट पाहावी लागली.