गर्दी आणि फॅन: नवीन फुटबॉल क्लबवाले नेमके इथेच गंडतात

कुठलाही नवीन क्लब निघाला की पहिल्या मॅचनंतर एक फोटो हमखास येतो. फ्लडलाइट, झेंडे, भरलेले स्टँड, आणि खाली लिहिलेलं असतं की शहराने आम्हाला आपलं मानलं. मी पुण्याचा, असे फोटो चार क्लबांचे बघून झालेत, त्यामुळे आता असा फोटो दिसला की मला आधी काळजीच वाटते. कारण त्यात दिसते ती गर्दी. फॅनपण तिथेच कुठेतरी असतो पण वेगळा ओळखू येत नाही, दोघांच्या अंगात तोच टीशर्ट, गोल झाला की दोघं सारखेच ओरडतात. फरक कळायला सहा-सात मॅच जाव्या लागतात, त्यातल्या तीन-चार हराव्या लागतात, आणि तोपर्यंत मार्केटिंगचं बजेट संपलेलं असतं.

चार क्लब म्हटलं ते उगाच नाही. पुणे एफसी 2007 ला सुरू झाला, 2012-13 ला आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, देशात दुसरा आला होता, हे आज पुण्यात दहा जणांना विचारा, नऊ जण म्हणतील काहीतरीच काय. मग 2014 ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, आली आणि एफसी पुणे सिटी आला, मालकांमध्ये हृतिक रोशन, मैदानात डेव्हिड त्रेझेगे, फ्रान्सच्या 98 च्या वर्ल्डकप टीममधला. त्याच सुमारास कल्याणी ग्रुपचा भारत एफसी आला, एक सीझन आय-लीग खेळला आणि गेला. मग डीएसके शिवाजियन्स, दोन सीझन. 2019 पर्यंत वरच्या लीगमध्ये यातलं कोणीच उरलं नव्हतं, पुणे सिटीची आयएसएलमधली जागा तर हैदराबादला गेली. प्रत्येकाची कारणं वेगळी, पैशांची, लीगच्या रचनेची, ते सगळं उगाळत बसत नाही. मला खटकतं ते एवढंच की चाळीस-पन्नास लाखांच्या शहरातून चार क्लब उठून गेले आणि शहराला पत्तासुद्धा लागला नाही. बालेवाडीच्या स्टेडियमला दर मॅचला काही हजार लोक असायचे की, ते कुठे गेले मग?

कुठेच गेले नाहीत, त्यातले बरेचसे कधी आलेच नव्हते, त्यांना आणलं होतं. गर्दी आणता येते. फुकट पास वाटा, शाळांच्या बस भरा, एखादा हिरो बोलवा, हाफटाइमला बाइकचा लकी ड्रॉ ठेवा, लोक येतात. एका नवीन क्लबचे (नाव घेत नाही, घेऊन काय उपयोग) पास एकदा आमच्या ऑफिसात गठ्ठ्याने आले होते. चाळीस पास, एचआरच्या टेबलावर, बिस्किटांच्या पुड्याशेजारी. आम्ही पंधरा जण गेलो, बाकीचे पास तिथेच पडून राहिले, पण हिशोबात ते बहुतेक चाळीस प्रेक्षकच धरले असतील. गेटवर पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या, आत दोनशे मिलीचा ग्लास विकत. डीजे सांगतोय मेक सम नॉइज, माझ्या शेजारचा अकाउंट्सवाला मला विचारतोय आपले कुठले, निळे का पांढरे. सत्तराव्या मिनिटाला सगळे उठले कारण शेवटची बस चुकली असती. त्या मॅचचा निकाल काय लागला हे मला आजही माहीत नाही आणि मी त्यातल्या त्यात फुटबॉल बघणारा माणूस!

यात त्या पंधरा जणांची काही चूक नाही हां. फुकट आलेल्या गोष्टीची किंमत माणूस शून्यच लावतो, आणि मग पुढच्या सीझनला तुम्ही त्याच खुर्चीला दोनशे रुपये मागितलेत की त्याला ती महाग वाटते. आधी पन्नास रुपये लावून दोनशेवर गेला असता तर इतकं टोचलं नसतं. फुकट पासने होणारं खरं नुकसान हे, त्या दिवशीचं तिकिटाचं उत्पन्न बुडतं ते वेगळंच.

गर्दीचं सगळ्यात भारी उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे, आणि ते कौतुकाचं आहे, टीका म्हणून सांगत नाहीये. जून 2018, अंधेरीला इंटरकॉन्टिनेंटल कप. 1 तारखेला भारताने चायनीज तैपेईला 5-0 हरवलं, कॅप्टन सुनील छेत्रीची हॅटट्रिक, आणि मैदानात माणसं किती तर 2,569. दुसऱ्या दिवशी छेत्रीने हात जोडून व्हिडिओ टाकला, शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियममध्ये येऊन करा. कोहली, सचिन सगळ्यांनी तो उचलला. 4 तारखेला केनियाविरुद्ध छेत्रीची शंभरावी मॅच, धो धो पाऊस आणि तिकिटं संपलेली. तीन दिवसांत एवढा फरक! पण बारकाईने बघा, लोक आले ते एका माणसाच्या शब्दाखातर आणि एका प्रसंगासाठी, टीम तीन दिवसांपूर्वी होती तीच होती. असा व्हिडिओ दर महिन्याला टाकता येत नाही, दुसऱ्यांदा टाकला तरी धार गेली. गर्दीचं हे असंच असतं, प्रत्येक वेळी नवीन कारण द्यावं लागतं, आणि आधीच्यापेक्षा मोठं द्यावं लागतं.

आता दुसरी बाजू. त्यासाठी कोल्हापूरला जावं लागेल.

मित्राचं घर शिवाजी पेठेत. मॅच दुपारी चारची, त्यामुळे जेवणं बाराला उरकलेली, आणि त्याची आजी, जिने आयुष्यात कधी बॉलला पाय लावला नसेल, ती भांडी घासता घासता विचारते, ‘आज कुणासंगट हाय रं?’ तो म्हणाला, पाटाकडील. आजी म्हणाली, ‘मग शर्ट बदलून जा, मागल्या येळंचा घालू नगं.’ मागच्या वेळी हरले होते. शाहू स्टेडियमवर गेलो तर कोण कुठे बसणार हे कोणी सांगावं लागत नव्हतं, ज्याची त्याची तालीम, ज्याची त्याची जागा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण, प्रॅक्टिस क्लब, ही टीमची नावं आहेत तशी त्या माणसांचीपण ओळख आहे. शेजारच्या काकांनी मला आधी पेठ विचारली, पुण्याचा म्हटल्यावर ‘असू दे’ म्हणाले आणि कागदातल्या शेंगा पुढे केल्या. पोरगं एक चुकीचा पास देतंय तर हे काका त्याच्या वडिलांचं नाव घेऊन ओरडतायत, कारण वडीलपण तिथेच विंगला खेळायचे. तिथे फॅन कोणी तयार केले नाहीत. तालीम आधी होती, गणपती आधी होता, गल्ली आधी होती, फुटबॉल त्यात नंतर आला. अनिकेत जाधव 2017 चा अंडर-17 वर्ल्डकप खेळला तो याच शहरातून आलेला.

आणि इथेच नवीन प्रोफेशनल क्लबची खरी गोची आहे, कारण त्याच्याकडे गल्ली नसते. एक लोगो असतो, एक स्पॉन्सर, वीस-पंचवीस प्लेयर ज्यातले निम्मे पुढच्या वर्षी दुसरीकडे असणार. गोव्यात एफसी गोवाला निदान फातोर्ड्याला फुटबॉल कळणारे लोक आयते मिळाले, गावागावात आधीपासून वेड होतंच. बाकीच्यांनी काय करायचं?

बेंगळुरूचं बघा. जेएसडब्ल्यूने 2013 ला क्लब काढला, म्हणजे कंपनीचाच क्लब, ना पेठ ना तालीम. बरं, पहिल्याच सीझनला आय-लीग जिंकले, त्याचा फायदा झालाच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण जुन्या बेंगळुरू फुटबॉल स्टेडियममध्ये पश्चिमेकडच्या स्टँडमध्ये काही पोरं दर वेळी एकत्र उभी राहायला लागली, त्यांचं नाव पडलं वेस्ट ब्लॉक ब्लूज, आणि नंतर क्लब कांतीरवा स्टेडियमला गेला तरी नाव तेच राहिलं. एका स्टँडच्या दिशेवरून पडलेलं नाव आहे, कुठल्या एजन्सीने दिलेलं नाही. माझ्या मते सगळी मेख त्या ‘दर वेळी तिथेच’ मध्ये आहे. तुम्ही चार मॅच एकाच कोपऱ्यात उभे राहिलात की पुढचा माणूस ओळखीचा होतो, पाचव्या मॅचला तो आला नाही तर तुम्ही फोन करता, अरे आहेस कुठे. तो माणूस पुढच्या वेळी येतो तो निम्मा टीमसाठी आणि निम्मा तुमच्यासाठी. गर्दीतल्या माणसाला असा फोन कोणी करत नाही, संपला विषय.

कोचीचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं आहे कारण तिथे दोन्ही एकत्र आहेत. केरला ब्लास्टर्स 2014 ला आला तेव्हा मालकांमध्ये सचिन तेंडुलकर, म्हणजे गर्दीचं याहून मोठं कारण देशात मिळणार नाही. पण 2018 ला सचिनने आपला हिस्सा विकला आणि पिवळे झेंडे तिथेच राहिले. मंजप्पडा नावाचा सपोर्टर ग्रुप आहे, म्हणजे पिवळी सेना. या टीमने आयएसएलच्या तीन फायनल हरल्यात, 2014, 2016 आणि 2022. बावीसची फायनल फातोर्ड्याला, स्टँड जवळजवळ पूर्ण पिवळे, आणि पेनल्टीवर जिंकलं कोण तर हैदराबाद! पुण्याची जागा घेतलेला क्लब. मी टीव्ही बंद करून झोपलो. आणि गंमत म्हणजे हेच मंजप्पडावाले डिसेंबर 2024 मध्ये टीमची हालत बघून मॅनेजमेंटच्या विरोधात उघड निषेधावर उतरले. मालकांना हे आवडत नाही, पण हीच खूण आहे बघा. गर्दी नाराज झाली तर मॉलला जाते, भांडत बसत नाही. फॅन भांडतो कारण त्याला जायला दुसरीकडे जागा नाही.

इंग्लंडमध्ये तर हे दोन्ही कधी नव्हे ते कापून वेगळे करून बघायला मिळाले. विम्बल्डन एफसीला 2002 ला मिल्टन कीन्सला हलवायची परवानगी मिळाली, लंडनपासून नव्वदेक किलोमीटर. सपोर्टर लोकांनी त्याच उन्हाळ्यात स्वतःचा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन, प्लेयर निवडायला विम्बल्डनच्या मोकळ्या माळावर खुली ट्रायल घेतली, आणि पार नवव्या लेव्हलपासून सुरुवात केली. त्या लेव्हलला मॅचला शे-दोनशे लोक येतात, यांच्याकडे तीन-तीन हजार यायचे. 2011 ला ते वर चढत फुटबॉल लीगमध्ये पोचले, 2020 ला प्लाउ लेनवर, म्हणजे विम्बल्डनच्या जुन्या मैदानाच्या रस्त्यावर, परत आले. तिकडे मिल्टन कीन्सला तीस हजारांचं चकाचक स्टेडियम झालं आणि त्यातल्या रिकाम्या खुर्च्या हा इंग्लंडभर चेष्टेचा विषय. पण खरं सांगायचं तर वीस वर्षांत तिकडेही पोरं मोठी झाली ज्यांना दुसरा क्लब माहीतच नाही, तेही आता फॅनच आहेत, त्यांना नकली म्हणणं मला पटत नाही. वेळ लागतो एवढंच. पुण्यात तेवढा वेळ कुठल्याच क्लबला मिळाला नाही.

मग नवीन क्लबने गर्दी आणूच नये का? आणावी ना, रिकाम्या स्टेडियममध्ये फॅनसुद्धा टिकत नाही, आवाजच होत नाही. मुंबई सिटीने सुरुवात नेरुळच्या डीवाय पाटीलला केली, क्रिकेटचं भलंमोठं स्टेडियम, आणि 2016 पासून अंधेरीच्या लहान मैदानात आले, मला ते शहाणपणाचं वाटतं, सहा हजार माणसं पंचावन्न हजारांच्या वाडग्यात हरवतात आणि अंधेरीत तीच माणसं कान फोडतात. प्रश्न असा आहे की त्या सहा हजारांतल्या कोणाला तुम्ही परत ओळखता. मी क्लबवाला असतो तर एकूण आकडा बाजूला ठेवून दुसराच मोजला असता, बुधवारी रात्री, मागच्या दोन मॅच हरल्यावर, स्वतःच्या पैशाने तिकीट काढून कितीजण आले. चारशे निघाले तर चारशे. त्यांना एक कोपरा द्या आणि तो दर सीझनला हलवू नका, सीझन पास स्वस्त द्या, ढोल आत न्यायला द्या, गाणी त्यांची त्यांना रचू द्या (डीजेला त्या वेळी गप्प बसवा, कृपा करा), आणि रात्री साडेनऊला मॅच संपल्यावर बालेवाडीहून हडपसरला माणूस जाणार कसा याचा विचार करा. हा शेवटचा मुद्दा कुणालाच ग्लॅमरस वाटत नाही, पण पुण्यात मी जितके लोक गमावलेले बघितले त्यातले अर्धे पीएमटीच्या बसमुळे, उरलेले फुटबॉलमुळे. आणि एक तरी गावातलं पोरगं अकरामध्ये खेळवा, ज्याचा मामा स्टँडमध्ये बसून शेजाऱ्याला सांगू शकेल की आमचाय तो.

पुणे सिटीलाही असे लोक होते बरं का. ऑरेंज आर्मी. बालेवाडीच्या एका कोपऱ्यात केशरी शर्ट, ढोल, टीम हरत असली तरी नव्वद मिनिटं चालू. 2017-18 ला टीम पहिल्यांदा सेमीफायनलला गेली, बेंगळुरूने हरवलं, छेत्रीची हॅटट्रिक, दुसरं कोण. मी त्या कोपऱ्यात थोडा उशिराच पोचलो होतो, पहिला सीझन पास घेतला आणि दीड वर्षात क्लबच नाही राहिला. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप अजून आहे, नाव तेच, कोणी बदललं नाही, त्यात आता वाढदिवस, भाड्याचे फ्लॅट आणि कधीमधी कोणीतरी जुना एखादा फोटो टाकतो.

केशरी मफलर कपाटात वरच्या कप्प्यात आहे. मागच्या दिवाळीच्या साफसफाईत आईने तो काढला आणि विचारलं, हा पुसायला घेऊ का, तुमची टीम तर आता नाहीये ना. मी स्टुलावरून उतरून तो तिच्या हातातून घेतला आणि म्हटलं, जुने टॉवेल आहेत की.