'बग' ऐकल्यावर डोक्यात आधी काय उघडतं?

भाचीला शाळेतून इंग्रजीची वर्कशीट मिळाली होती, एकच नाम घ्यायचं आणि त्याची दोन वाक्यं करायची, एक सरळ अर्थाचं, एक लाक्षणिक अर्थाचं. शब्द होता 'बग'. तिने पहिलं वाक्य उशीवर चढलेल्या किड्याचं केलं आणि दुसरं गेमच्या ॲपमध्ये बग आहे म्हणून गेम सारखा बंद पडतो असं केलं. दोन्ही बरोबर. पण खाली टीप लिहिली की १९४७ साली एका कॉम्प्युटरमध्ये पतंग अडकून मेला, तेव्हापासून कॉम्प्युटरच्या चुकीला बग म्हणतात. ही गोष्ट व्हॉट्सॲपवर सगळीकडे फिरून राहिली आहे, मिहानमध्ये, म्हणजे नागपूरच्या आयटी कंपन्यांच्या भागात, नोकरी करणारे चांगले शिकलेले पोट्टेही ती पुढे पाठवतात.

घटना खरी आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. हार्वर्डच्या मार्क टू मशीनमध्ये ९ सप्टेंबर १९४७ ला पॅनल एफच्या ७० नंबरच्या रिलेत पतंग सापडला आणि तो टेपने लॉगबुकात चिकटवला गेला. रिले तुमच्या-आमच्या घरीही असतो, नागपूरच्या उन्हाळ्यात एसीचा स्टॅबिलायझर व्होल्टेज कमीजास्त झालं की टक् करतो ना, तो आवाज रिलेचा. कॉइलमध्ये करंट आला की तिचं चुंबक होतं, लोखंडी पट्टी ओढली जाते, दोन कॉन्टॅक्ट टेकतात आणि सर्किट पूर्ण होतं. मध्ये पाखरू आलं की कॉन्टॅक्ट टेकत नाहीत, झालं. पण लॉगबुकात त्याखाली लिहिलंय की 'बग खरोखर सापडल्याची ही पहिलीच केस'. म्हणजे यंत्रातल्या बिघाडाला बग म्हणायची पद्धत आधीपासूनच होती, म्हणून तर खरा किडा सापडल्यावर लिहिणाऱ्याला गंमत वाटली! एडिसनने १८७८ मधल्या पत्रात शोधकामातल्या बारीकसारीक दोषांना 'बग' म्हटलेलं आहे. त्याच मशीनवर काम करणाऱ्या ग्रेस हॉपर बाईंनी ही गोष्ट भाषणांमधून सांगून प्रसिद्ध केली, पण पतंग त्यांनी स्वतः काढलेला नव्हता.

आता मला ज्याच्याबद्दल लिहायचं होतं ते. एकाच शब्दाचे दोन अर्थ असले तर मेंदू बरोबर तो अर्थ कसा निवडतो? साधारण समज असा की आजूबाजूच्या वाक्यावरून आपल्याला आधीच अंदाज येतो आणि मेंदू तेवढाच अर्थ काढतो, दुसऱ्याला हातच लावत नाही. १९७९ मध्ये डेव्हिड स्विनी या शास्त्रज्ञाने हे तपासून पाहिलं, आणि त्याने वापरलेला शब्द नेमका 'बग' होता.

प्रयोग असा. माणसाच्या कानाला हेडफोन आणि समोर स्क्रीन. कानात गोष्ट चालू आहे, एका सरकारी इमारतीत खूप त्रास होता, गोष्टीतल्या एका माणसाला खोलीच्या कोपऱ्यात कोळी, झुरळं आणि इतर बग सापडले. इंग्रजीत बगचा अजून एक अर्थ आहे, चोरून बोलणं ऐकायला लपवलेला छोटा माइक. इथे कोळी-झुरळं म्हटल्यावर तो अर्थ घ्यायचं काही कारणच नाही. पण 'बग' शब्द संपता संपता स्क्रीनवर काही अक्षरं येतात, आणि हा खरा शब्द आहे की नुसती जुळवलेली अक्षरं आहेत ते बटण दाबून सांगायचं. कधी 'अँट' म्हणजे मुंगी येते, कधी 'स्पाय' म्हणजे हेर, कधी 'स्यू' म्हणजे शिवणं, ज्याचा कशाशीच संबंध नाही. यामागची युक्ती १९७१ पासून माहीत होती, की एक शब्द डोक्यात जागा झाला की त्याच्या नात्यातले शब्दही अर्धवट जागे होतात, 'डॉक्टर' वाचल्यावर 'नर्स' पटकन ओळखू येतं. म्हणजे बटण किती लवकर दाबलं जातं त्यावरून कोणता अर्थ जागा आहे ते माणसाला न विचारता कळतं. आणि विचारून उपयोगही नाही कारण त्याला स्वतःला याचा पत्ताच नसतो.

निकाल असा आला की मुंगीही लवकर ओळखली गेली आणि हेरही! कोळी-झुरळं स्पष्ट ऐकलेली असताना मेंदूने हेराचा अर्थसुद्धा उघडलाच. मग तेच शब्द तीन सिलेबल, म्हणजे उच्चाराचे तीन तुकडे, उशिरा दाखवले, जेमतेम पाऊण ते एक सेकंद नंतर, तर फक्त मुंगी लवकर, हेर 'शिवण्या'इतकाच हळू. म्हणजे दोन्ही दारं उघडतात आणि चुकीचं लगेच बंद होतं, इतकं लगेच की ते उघडलं होतं हे आपल्याला कधी कळतच नाही.

वर मी लिहिलं की मशीनमध्ये पतंग अडकून मेला. तुम्हाला दिव्यावर येणारं पाखरूच दिसलं असेल, पण संक्रांतीला नागपूरच्या गच्च्यांवर जो पतंग उडतो तोही क्षणभर डोक्यात जागा झाला असण्याची बरीच शक्यता आहे.

हे सगळ्या शब्दांना सारखं लागू होत नाही. एक अर्थ रोजचा आणि दुसरा क्वचितचा असेल तर रोजचा जोरात उघडतो, आणि वाक्याला क्वचितचा अर्थ हवा असेल तर वाचताना डोळे त्या शब्दावर जास्त वेळ थांबतात, डफी, मॉरिस आणि रेनर यांनी १९८८ मध्ये डोळ्यांच्या हालचाली मोजून हे दाखवलं. आता रोजचा अर्थ कोणता हे माणसागणिक बदलणार. दिवसभर कोड तपासणाऱ्या मुलीसाठी सॉफ्टवेअरचा बगच रोजचा, किडा नंतरचा.

बग हा तसा मुरलेला लाक्षणिक अर्थ आहे, डिक्शनरीत जाऊन बसलेला. ताज्या रूपकांचं काय? १९८२ मध्ये ग्लक्सबर्ग आणि त्याच्या सोबत्यांनी लोकांना सांगितलं की वाक्य शब्दशः खरं की खोटं तेवढंच सांगा. 'काही पक्षी सफरचंदं असतात' याला लोक पटकन खोटं म्हणायचे. 'काही नोकऱ्या जेल असतात' हेही शब्दशः खोटंच, पण इथे उत्तराला जास्त वेळ लागायचा, कारण लाक्षणिक अर्थ नको म्हटलं तरी उगवायचाच.

इथे एक सांगणं भाग आहे. उजव्या मेंदूला अलंकार कळतात आणि डाव्याला फक्त हिशेब, असं सांगून मुलांचे क्लास चालवले जातात, हे खरं नाही, रूपक समजायला दोन्ही बाजू लागतात आणि डावीचा वाटा चांगला मोठा असतो. मिडब्रेन, म्हणजे मेंदूचा मधला भाग, जागृत करून डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवतो म्हणणारे तर सरळ फसवतात. मिडब्रेन सगळ्यांचा जागाच असतो, आणि ती मुलं नाकाजवळच्या फटीतून बघतात. आईबाप यासाठी हजारो रुपये भरतात याचा मला खरंच संताप येतो.

अजून एक प्रयोग मला फार आवडतो. १९९९ मध्ये स्पायव्ही आणि मरियन यांनी रशियन आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्या लोकांना रशियनमध्ये सांगितलं की टपालाचा स्टॅम्प उचल, रशियनमध्ये तो शब्द 'मार्कू' असा ऐकू येतो, तर लोकांचे डोळे जवळ ठेवलेल्या मार्कर पेनाकडेही वळले, फक्त आवाज सारखा म्हणून. म्हणजे एक भाषा चालू असताना दुसरी बंद नसते. मग आपल्याकडच्या मुलांनी वर्गात इंग्रजी 'बग' ऐकलं की किडा, सॉफ्टवेअर आणि घरी रोज ऐकलेलं 'बग ना', म्हणजे बघ ना, ही तिन्ही दारं उघडत असतील, असा माझा अंदाज आहे. पान, कर, पतंग असे शब्द मराठीत भरपूर आहेत, प्रयोगाला एक लॅपटॉप, हेडफोन आणि मिलिसेकंद मोजणारा प्रोग्रॅम पुरतो. सायकॉलॉजी शिकणाऱ्या कोणाला प्रोजेक्टसाठी विषय हवा असेल तर हा घ्या, आणि वाक्यं मराठी इंग्रजी मिसळूनच करा, कारण आपण तसंच बोलतो.