हिवाळ्यात अधिक ‘उंच’ होणारे शिखर

अलास्कातल्या देनालीची उंची ६,१९० मीटर. हिमालयाच्या हिशेबात हा आकडा फार मोठा नाही, पण देनाली ६३ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि तिथे केवळ मीटर मोजून भागत नाही. सरकारी नकाशांवर २०२५पासून पुन्हा ‘माउंट मॅकिन्ली’ छापले जाते; मी मात्र तिथल्या कोयुकॉन लोकांचेच नाव वापरतो.

या शिखराचा पहिला गाजलेला दावा खोटा निघाला. फ्रेडरिक कुक यांनी १९०६ साली माथा गाठल्याचे जाहीर करून छायाचित्रही छापले. ते छायाचित्र कितीतरी ठेंगण्या, दूरच्या एका सुळक्यावर काढलेले होते. हर्शेल पार्कर आणि बेलमोर ब्राऊन यांनी १९१० साली तो सुळका शोधून काढला आणि त्याच कोनातून पुन्हा छायाचित्र घेतले.

त्याच वर्षी अगदी उलटी गोष्ट घडली. गिर्यारोहणाचा काडीचाही अनुभव नसलेले काही खाणकामगार डोंगरावर गेले. त्यांच्यापैकी बिली टेलर आणि पीट अँडरसन ३ एप्रिलला स्प्रूसचा सुमारे चार मीटर लांबीचा वासा ओढत उत्तर शिखरावर पोहोचले आणि तो तिथे रोवून आले. उत्तर शिखर मुख्य माथ्यापेक्षा सुमारे अडीचशे मीटर कमी उंच. म्होरक्या टॉम लॉइड यांनी मात्र परतल्यावर सगळ्यांनी दोन्ही शिखरे सर केल्याच्या बढाया मारल्या, त्यामुळे खरे घडले त्यावरही लोकांचा विश्वास बसेना.

पार्कर आणि ब्राऊन १९१२ च्या जूनमध्ये माथ्याच्या अगदी जवळ पोहोचले आणि हिमवादळामुळे मागे फिरले. ६ जुलैला, ते पायथ्याशी उतरलेले असताना, मोठा भूकंप झाला. देनाली ज्या हालचालींमुळे वर उचलला गेला, त्यांचाच हा एक हिसका होता: पॅसिफिक भूपट्ट अलास्काखाली रेटला जातो, त्याचा ताण आतल्या भागातल्या भेगांपर्यंत पोहोचतो आणि तिथला ग्रॅनाइट लाखो वर्षे वर ढकलला जात आहे. ज्या हिमाच्छादित धारेवरून ही मंडळी चढली-उतरली होती, ती त्या दिवशी फुटली.

पुढच्या वर्षी हडसन स्टक यांची तुकडी आली, तेव्हा तिथे बर्फाच्या प्रचंड ठोकळ्यांचा ढीग होता. हॅरी कारस्टेन्स आणि वॉल्टर हार्पर यांनी तीन आठवडे खपून त्यातून पायऱ्या खोदल्या. ७ जून १९१३ रोजी मुख्य माथ्यावर पहिले पाऊल पडले ते हार्परचे. त्याची आई कोयुकॉन होती. धर्मगुरू असलेले स्टक तुकडीचे नेते म्हणून नावाजले गेले, पण हार्पर हे नाव आधी घ्यायला हवे असे मला मनापासून वाटते. वर चढताना त्यालाच उत्तर शिखरावर तो वासा उभा दिसला आणि खाणकामगारांना तीन वर्षांनी न्याय मिळाला.

शेवटच्या टप्प्यावर स्टक यांचा श्वास इतका कोंडला, की त्यांना अक्षरशः वर ओढावे लागले. तरीही शुद्धीवर येताच त्यांनी पाऱ्याचा वायुदाबमापक बाहेर काढला. देनालीचे खरे कोडे त्या दाबातच आहे.

हवामानाच्या घडामोडी होतात तो वातावरणाचा सर्वांत खालचा थर, तपांबर, विषुववृत्ताजवळ १६ ते १८ किलोमीटर जाड असतो आणि ध्रुवांकडे आठ-नऊ किलोमीटरांवर येतो. थंड हवा आकसून जमिनीलगत दाटते, म्हणून ठरावीक उंचीच्या वर उरणारी हवा उत्तरेकडे कमी भरते. तेवढाच दाब कमी आणि तेवढाच प्रत्येक श्वासातला प्राणवायूही कमी. त्यामुळे देनालीच्या माथ्यावर शरीराला काहीशे मीटर अधिक उंच हिमालयीन शिखरावर असल्यासारखे वाटते. एव्हरेस्टच्या माथ्यावर १९८१ साली पाऱ्याचा २५३ मिलिमीटर इतका दाब मोजला गेला, तो अपेक्षेहून जास्त होता. तेच शिखर देनालीच्या अक्षांशावर असते, तर बाटलीतल्या प्राणवायूविना चढणे बहुधा माणसाच्या आवाक्याबाहेर गेले असते.

हा दाब वर्षभर सारखाही राहत नाही. हिवाळ्यात हवा आणखी आकसते, तो आणखी घसरतो आणि शरीराच्या लेखी तेच शिखर अजून उंच होते. आर्ट डेव्हिडसन, डेव्ह जॉन्स्टन आणि रे जेनेट यांनी २८ फेब्रुवारी १९६७ रोजी देनाली पहिल्यांदा भर हिवाळ्यात सर केला, तो अशाच विरळ हवेत. उतरताना वादळाने त्यांना माथ्याखालच्या खिंडीत बर्फाच्या गुहेत कित्येक दिवस अडकवून ठेवले, तरी तिघेही जिवंत परतले.