दहा मीटरची रेष आणि ट्रिगरबाहेरचं बोट

तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार आठवीतल्या मुलीला घेऊन रेंजवर आले. सांगलीच्या विश्रामबागेत आमची पाच लेनची एअर पिस्तूल रेंज आहे, शनिवार-रविवार रेंज ऑफिसरचं काम मी बघतो. त्यांनी मोबाइल पुढे केला. व्हिडिओत एक अमेरिकन गृहस्थ जॅकेटखालून पिस्तूल काढत होते आणि एका दाराआडून दुसऱ्या दाराआड सरकत पुठ्ठ्याच्या माणसांवर गोळ्या झाडत होते. "सर, पोरीला ह्येच शिकवता न्हवं? सेल्फ डिफेन्स पण हुईल, आणि त्या मनू भाकरगत मेडलबी मिळंल."

दोन खेळ त्यांनी एका दमात एकत्र केले. दोष त्यांचा नाही. दोन्ही बंद खोलीतही चालतात, दोन्हीकडे पिस्तूल असतं आणि दोन्हीला आपण सरसकट शूटिंगच म्हणतो. सांगलीत कुणाला माती आणि गादी यांतला फरक समजावावा लागत नाही. कुस्ती तीच, पण पैलवान गादीवर उतरला की गुणांचं गणित बदलतं, हे चहावाल्यालाही ठाऊक असतं. पिस्तुलाच्या बाबतीत तेवढी ओळख अजून आपल्याकडे झालेली नाही.

मनू भाकरने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं ते १० मीटर एअर पिस्तूलमध्ये. हा ऑलिम्पिकचा खेळ आहे आणि त्याचे नियम आयएसएसएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ, ठरवते. व्हिडिओतला खेळ डिफेन्सिव्ह पिस्तूलचा. तो चालवणारी आयडीपीए ही संस्था १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिचा ऑलिम्पिकशी संबंध नाही. तिथे रोज अंगावर बाळगायचं खरं पिस्तूल, खऱ्या गोळ्या आणि एखादा रचलेला प्रसंग असतो. समजा, तुम्ही दुकानात उभे आहात आणि दोघे चोर आत शिरले, तर काय कराल? खेळाचा सांगाडा तोच.

गुणांचं थोडक्यात सांगतो. एअर पिस्तूलला ६० छर्रे, सव्वा तास आणि जास्तीत जास्त ६०० गुण. मनूने पॅरिसच्या पात्रता फेरीत ५८० केले होते. वेळ इथे फक्त कुंपण आहे, लवकर संपवल्याचं बक्षीस नाही. डिफेन्सिव्ह पिस्तूलमध्ये वेळ हाच गुण. टायमरवर १२.४० सेकंद आले आणि नेम चुकून तीन गुण गेले, तर प्रत्येक गुणाचा एक सेकंद वाढून १५.४० होतात. हात वर केलेल्या निरपराध माणसाच्या टार्गेटला गोळी लागली की आणखी पाच सेकंद. आडोशाबाहेर येऊन गोळी झाडली तर तीन. ज्याचे सेकंद सगळ्यांत कमी, तो जिंकला.

पण बागायतदारांना मला खरं सांगायचं होतं ते सुरक्षेचं, कारण खरा फरक तिथे आहे.

आमच्या रेंजवर सुरक्षा जमिनीवर आखलेली असते. एक फायरिंग लाइन, तिच्यापुढे १० मीटरवर १७ सेंटिमीटरचा चौकोनी कागद, कागदाच्या मधोमध साडेअकरा मिलिमीटरची दहाची रिंग. खेळाडू रेषेमागे एका जागी उभा राहतो. पिस्तूल एकाच हातात, दुसरा हात बहुतेक जण खिशात घालतात. पाय हलत नाहीत, शरीर वळत नाही, नळीचं तोंड पुढेच राहतं. "लोड" म्हटल्याशिवाय छर्रा आत जात नाही आणि जातो तोही एकावेळी एकच. "स्टॉप" म्हटलं की हात खाली. त्यानंतर परवानगीवाचून पिस्तुलाला हात लावला, तर स्पर्धेतून बाहेर जायची वेळ येऊ शकते. कुणी टार्गेटकडे जाण्याआधी प्रत्येक पिस्तूल रिकामं करून त्यात भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग, म्हणजे पिस्तूल रिकामं असल्याची खूण दाखवणारी दोरी, घालायचा. टेबलावर केशरी दोरी दिसली नाही, तर मी कुणाला पुढे सोडत नाही, मग तो जिल्ह्याचा चॅम्पियन असो. एकदा एका जुन्या मुलाने "सर, रिकामंच आहे की" म्हणून फ्लॅग न लावताच पिस्तूल ठेवलं. त्या दिवशी त्याने उरलेला वेळ पाणी भरण्यात घालवला.

डिफेन्सिव्ह पिस्तूलमध्ये ही रेष पुसलेली असते. खेळाडू चालतो, गुडघ्यावर बसतो, दारामागून डोकावतो. भरलेलं पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमध्ये असतं आणि पुष्कळदा वरून जॅकेटने झाकलेलं. माणूसच हलतो तिथे जमिनीवरची रेष काय करणार? म्हणून ती सुरक्षा खेळाडूच्या हाताबोटांत उतरवलेली आहे. नियम दोनच, पण लोखंडासारखे. नेमक्या टार्गेटवर गोळी झाडत नसाल त्या प्रत्येक क्षणी बोट ट्रिगर गार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या, बाहेर, सरळ, दिसेल असं. पिस्तूल काढताना, परत ठेवताना, चालताना, मॅगझिन (गोळ्यांची पेटी) बदलताना, अडकलेलं पिस्तूल मोकळं करताना. दुसरा नियम, नळीचं तोंड ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आतच. खेळाडूच्या पाठीमागे हातभर अंतरावर सेफ्टी ऑफिसर टायमर घेऊन चालत असतो. त्याचं लक्ष टार्गेटवर नसतंच, ते बोटावर असतं. "फिंगर!" किंवा "मझल!" अशी हाक आली म्हणजे इशारा. नळी मर्यादा ओलांडून गेली किंवा कुणाच्या अंगावरून, अगदी स्वतःच्या जरी फिरली, की डीक्यू, म्हणजे खेळाडू बाद. त्या दिवसाचा सगळा खेळ तिथेच संपला.

गंमत ट्रिगरची आहे. एअर पिस्तूलचा ट्रिगर दाबायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागेल असा असावा लागतो आणि बहुतेक खेळाडू त्याच्या आसपासच ठेवतात. बोट टेकलं-न टेकलं तोच छर्रा सुटतो. रोज बाळगायच्या पिस्तुलाचा ट्रिगर बहुधा दोन-अडीच किलोचा, चांगलाच दाबावा लागतो. तरी बोटाचा कडक नियम त्या जड ट्रिगरलाच. कारण उघड आहे. आमच्या रेंजवरची खेळाडू मुलगी दगडासारखी उभी असते. पळताना पाय अडखळला की माणसाची मूठ आपोआप आवळते आणि मुठीबरोबर बोटही.

मुलगी तोवर गप्प होती. तिने विचारलं, "आणि हातातून पडली तर?" चांगला प्रश्न. आमच्याकडे पिस्तूल पडलं तर मी खेळ थांबवतो, तपासतो, छर्रा असल्यास काढतो, मग बोलणी सुरू. आयडीपीएमध्ये पिस्तूल हातातून पडलं, भरलेलं असो वा रिकामं, तर खेळाडू बाद. आणि त्याने ते उचलायचंही नाही. पडतं पिस्तूल हवेत पकडायला गेलेलं बोट नेमकं ट्रिगरमध्ये अडकतं, म्हणून पडू द्यायचं. ते उचलतो सेफ्टी ऑफिसर.

बंद खोलीत हे आणखी आवळलं जातं. उघड्या मैदानावर तिन्ही बाजूंना मातीचे उंच बांध घालता येतात. इनडोअर रेंजवर गोळी अडवायची सोय फक्त समोरच्या टोकाला असते. बाजूच्या भिंती आणि छत हे काही गोळीसाठी बांधलेले नसतात. म्हणून तिथे टार्गेट अशी मांडतात की कुठूनही नेम धरला तरी गोळी समोरच्या अडवणुकीतच जाईल, आणि मॅगझिन बदलताना नळी छताकडे उचलायची सवय घेऊन आलेल्याला ती दारातच सोडावी लागते. आवाज भिंतींवर आपटून परत येतो, म्हणून पुष्कळ जण कानात बोळे घालून वरून मफ चढवतात. कान आणि डोळे झाकल्याशिवाय खेळाडूलाच काय, बघ्यालाही आत प्रवेश नाही. आमच्याकडे एअर पिस्तूलचा आवाज टाळी वाजल्याएवढा. कानाला काही लागत नाही. डोळ्यांना चष्मा मात्र लावावा, कधीतरी छऱ्याचा कण उलटून येतो. शिसं दोन्हीकडे आहे. छर्रे हाताळलेल्या हाताने वडापाव खायचा नाही, आधी साबण.

आणखी एक बारकावा लोकांना उलटा वाटतो. एअर पिस्तूल रेंजवर छऱ्यांची डबी दिवसभर पिस्तुलाशेजारीच असते आणि तयारीच्या वेळात खेळाडू रिकाम्या पिस्तुलाने सराव, म्हणजे ड्राय फायर, करतो. डिफेन्सिव्ह पिस्तूलमध्ये रिकामं पिस्तूल हाताळायला वेगळा कोपरा असतो, सेफ एरिया. तिथे गोळीला हात लावायलाच बंदी. पिस्तूल आणि गोळी यांची गाठ फक्त सेफ्टी ऑफिसरच्या "लोड अँड मेक रेडी"नंतर पडते. शेवटी तोच "अनलोड अँड शो क्लिअर" म्हणतो, चेंबर, म्हणजे गोळी बसते तो कप्पा, डोळ्यांनी बघतो, मग पिस्तूल होल्स्टरमध्ये. एरवी सगळ्यांच्या कमरेला रिकामी पिस्तुलं. टीव्हीवर जे भरलेल्या पिस्तुलांनी गजबजलेलं वाटतं, तिथे एकावेळी भरलेलं पिस्तूल फक्त एकाच्या हातात असतं.

आता भाग घ्यायचा म्हटलं तर? बागायतदारांचा मूळ प्रश्न हाच होता. ४.५ मिलिमीटरचं, छऱ्याचा जोर २० ज्यूलच्या आत असलेलं एअर पिस्तूल आपल्याकडे शस्त्र परवान्याच्या बाहेर आहे. स्पर्धेचं पिस्तूल तर कितीतरी खाली बसतं. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरने, म्हणजे सहा ज्यूलच्या आसपास. नऊ मिलिमीटरची गोळी साधारण पाचशे ज्यूल घेऊन निघते. आयडीपीएच्या मुख्य गटांत याच नऊ मिलिमीटरपासून सुरुवात होते, आणि आपल्याकडे हा बोअर, म्हणजे नळीचा व्यास, सामान्य नागरिकासाठी निषिद्ध आहे. आपल्या लोकांना परवाना मिळतो तो बहुधा .३२चा, आणि तो आयडीपीएच्या कुठल्याच मुख्य गटात बसत नाही. म्हणजे तो व्हिडिओ सांगलीत बसून बघायचा. आणि कुणी घराजवळच्या शेडमध्ये "डिफेन्स शूटिंग" शिकवतो म्हणालं, तर पिस्तूल कुणाचं आणि परवाना कुणाच्या नावावर, हे दोन प्रश्न आधी विचारायचे.

सेल्फ डिफेन्सचंही त्यांना स्पष्ट सांगितलं. एअर पिस्तूल हे संरक्षणाचं हत्यार नाही. आयडीपीए हा सुद्धा खेळच आहे. तिथे चोर पुठ्ठ्याचा असतो आणि तो कधी उलट गोळी झाडत नाही. मुलीला स्वतःचा बचाव शिकवायचा असेल, तर कराटेवाले सर शेजारच्याच हॉलमध्ये असतात.

मेडलची वाट मात्र खरी आहे. जिल्ह्याच्या संघटनेतून महाराष्ट्र रायफल असोसिएशन, तिथून राष्ट्रीय पातळी. शेजारच्या कोल्हापूरची राही सरनोबत २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण घेऊन आली. तो पुढचा टप्पा, .२२चा. आधी दहा मीटर.

बागायतदार थोडे हिरमुसले. मुलगी नाही. तिने टेबलावरचा केशरी फ्लॅग उचलून उलटसुलट बघितला आणि जागच्या जागी ठेवला. तिच्या पायात वडिलांनी व्हिडिओ बघून घेतलेले घोट्याच्या वरपर्यंत येणारे नवेकोरे बूट होते. पिस्तूल स्पर्धेत घोटा झाकणारे बूट चालत नाहीत. ते परत देता येतील का, म्हणून दोघे गणपती पेठेतल्या दुकानाकडे गेले.